चिकटवलेली पानं

शाकिराबाई गेल्या त्याला चार महिने झाले. त्यांची जाऊ बालवाडीत सांगायला आली, तेव्हा मी मुलांच्या चटया अंथरत होते. "शाकिरा गेली," एवढंच ती बोलली. मला रडू यायच्या आधी पुस्तकांच्या कपाटाची भीती वाटली... हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी चौथी शिकलेली, राजारामपुरीतल्या बालवाडीत मदतनीस. शाकिराबाई तिथल्या शिक्षिका. कपाटातल्या पुस्तकांत राजे, राण्या आणि गोऱ्या गुबगुबीत मुली. "माझ्या नावाची एक तरी पोरगी हाय का गं ह्यात?" असं म्हणून त्या हसायच्या. मग त्यांनी स्वतःच पुस्तकं करायला घेतली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर एकेका माणसाच्या आयुष्याची चित्रं काढायची, खाली दोन ओळी लिहायच्या आणि गव्हाच्या पिठाच्या खळीनं पानं जोडायची. खळ मी शिजवायची. पहिलं पुस्तक त्यांच्या वडलांचं, ते पुस्तकबांधणी करायचे. दुसरं गल्लीतल्या कासारणीचं. त्या पुस्तकांवरून मुलं भांडायची.

एकदा खळ ढवळताना माझ्या तोंडून निघून गेलं की माझी आई गावात रस्ते झाडायची. खोली घेताना घरमालकिणीला आम्ही जात दुसरीच सांगितली होती, आणि तिची नात बेबी आमच्याच बालवाडीत. आठ दिवसांनी शाकिराबाईंनी नवं पुस्तक समोर ठेवलं. आईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिला माझाच चेहरा दिला होता. हातात लांब खराटा...

"फाडून टाका बाई. खोली जाईल आमची."

"नाव न्हाई, गाव न्हाई. कोण वळखतंय?"

"तुम्हाला काय हो, तुम्हाला लपवावं लागत न्हाई."

त्यांनी पुस्तक मिटलं. "लपवलंय की एकदा. खोलीसाठीच. घरात आईला मोठ्यानं अम्मा म्हणायची चोरी झालती."

त्यांनी पुस्तक फाडलं नाही. खराट्याची समोरासमोरची दोन पानं मात्र खळ लावून एकमेकांना चिकटवली. "तुला वाटंल तवा उघड," म्हणाल्या. बाकीच्या पानांवर आई भाकरी थापत होती, मला शाळेत सोडत होती. मुलं विचारायची, ही काम काय करती? शाकिराबाई माझ्याकडं बघायच्या. मी कप विसळायला उठायची.

त्या गेल्यावर कपाट पावसाळाभर बंदच राहिलं. गेल्या आठवड्यात नव्या बाईंनी ते उघडलं. मी पोचायच्या आत पुस्तक बेबीच्या मांडीवर होतं. दमट हवेनं खळ सुटली होती.

"मावशी, ह्या तुम्हीच की वो!" बेबी ओरडली. "रस्ता झाडताय!"

नव्या बाईंनी मान वर केली. न्हाई म्हणून सुटता आलं असतं. पण मोठ्यानं अम्मा म्हणायची शाकिराबाईंची ती चोरी आठवली...

"मी न्हाई गं," मी म्हणाले. "माझी आई हाय ती."

"आज्जीला सांगू?"

मी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

घरी येऊन ह्यांना काही न बोलता मी ट्रंकेत रोज न लागणारी भांडी भरली. चार दिवस झाले. घरमालकीण अजून काही बोललेली नाही. जिन्यावर तिचं पाऊल वाजलं की घास तोंडात फिरतो. रोज सकाळी बालवाडीत गेले की मी आधी कपाट उघडते... ती दोन पानं मी परत चिकटवलेली नाहीत.