बारव बुजवली त्या दुपारची गोष्ट

आधीच सांगून टाकते — आमच्या घरात देवही नाही आणि भूतही नाही. बौद्ध घरातली मी, लोणारला शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी चकव्याची गोष्ट काढली की त्याची अशी फिरकी घेते की पुन्हा नाव काढत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिणार.

सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन फिरते. सरोवराचे फोटो काढायला अख्खी दुनिया येते, तिथं माझी गरज नाही. मी काढते ते उद्या नसणाऱ्या गोष्टींचे — बांधावर आडवे पडलेले वीरगळ, पडक्या वेशी, बारवा. मध्यंतरी कळलं की सुलतानपूरच्या बाजूला, आईच्या माहेरच्या गावाबाहेरची बारव रस्ता रुंद करण्यासाठी बुजवणार आहेत. अर्ज केले, फोन केले. "पाहतो मॅडम" याच्यापुढे कुणी गेलं नाही. म्हटलं ठीक आहे, निदान फोटो तरी काढणारच.

मला हवा होता तो सगळ्यात वरच्या पायरीशेजारचा दगड. आईच्या लहानपणी आमच्या लोकांना बारवेत उतरू देत नसत. घागर त्या दगडावर ठेवायची, बाजूला सरायचं, आणि खालून पाणी घेऊन येणाऱ्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून ओतेल म्हणून वाट पाहायची. घागरी ठेवून ठेवून त्या दगडाला खळगे पडलेत. आज गावात विचारलं तर म्हणतात, "आपल्या गावात असं काही नव्हतंच ताई." दगड गाडला गेला की मग त्यांचंच खरं.

आईला स्कूटीवर मागे बसवून नेलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पण रस्ताभर तोंड चालू.

"ज्या पाण्याले आपल्याले हात नाही लावू देला, त्याचे फोटो कायले काढतं वं?"

"म्हणूनच काढते."

"बापावर गेली तू. हट्टी."

पोचलो तर जेसीबी आधीच येऊन उभा! चालक लिंबाखाली डबा उघडून बसला होता. "माह्यं जेवण होईस्तोवर काढून घ्या ताई. मंग मले काम सुरू करा लागते," म्हणाला. भला माणूस. भर दुपारची वेळ, सोयाबीन निघून गेलेलं, चहूकडे मोकळं रान. आम्ही तिघं सोडून तिथं चिटपाखरू नव्हतं, हे लक्षात ठेवा.

दगडाचे फोटो झाले, मग मी खाली उतरले. बारव कोरडी ठणठणीत, तळाशी पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या बाटल्या. मला खालून वर बघत सगळ्या पायऱ्या एका फोटोत घ्यायच्या होत्या. अशा फोटोत माणूस लागतो, नाहीतर बारव किती खोल आहे ते कळतच नाही. मोबाईल व्हिडिओवर लावून कोनाड्यात ठेवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि हाक मारली, "आई, थोड्या पायऱ्या उतर ना."

आई त्या दगडापाशीच उभी. "मी नाही येत."

"आता कोण अडवतंय तुला?"

"कोणी नाही अडवून राह्यलं. पायच उचलत नाही माहा... काय करू?"

इतक्या वर्षांनी, स्वतःची पेन्शन घेणारी बाई, आणि तरी... मी कॅमेरा खाली घेतला. म्हटलं, जाऊ दे.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. बाईचा, जरासा दमलेला.

"ये ना वं माय खाली. वर काऊन उभी हायेस मघापासून?"

मी गर्रकन वळले. मागे हातभर अंतरावर दगडी भिंत, बाकी काही नाही. खोटं कशाला बोलू, पळत सुटावंसं वाटलं. पण वर पाहिलं तर आई उतरत होती. पदर खोचून, कशाचा आधार न घेता... आणि बघत होती माझ्या खांद्यावरून मागे. "हाव, आली," म्हणाली.

तरी मी कॅमेरा उचलला आणि फोटो काढत राहिले. मागे कोण का असेना, हा फोटो मी सोडणार नव्हते.

तळाशी येऊन आईनं एकदा चहूकडे पाहिलं. मग म्हणाली, "चाल आता." वर आल्यावर मी चालकाला विचारलं, इथं आणखी कुणी बाई आली होती का. "इथं दुसरी बाई कोठून येईन?" तो म्हणाला, "मी तं तुमच्या दोघींचाच आवाज आयकला." त्यानं डबा धुतला आणि मशीन सुरू केलं. पहिला मुरूम पडला तेव्हा मी रडले. आई नाही रडली.

घरी येऊन व्हिडिओ लावला. त्यात माझी हाक आहे, आईचा नकार आहे, मग नुसती शांतता... आणि एकदम आईचं "हाव, आली." मधलं वाक्य नाही! प्रतिध्वनी म्हणावा, तर ते शब्द मी बोललेच नव्हते. भास म्हणावा, तर दोघींना एकच कसा? आईला मी काहीही न सांगता विचारलं, तू काय ऐकलंस? तिनं शब्दन् शब्द तोच सांगितला. खूप डोकं चालवलं. विज्ञानाच्या बाईकडे आजही याचं उत्तर नाही, हे कबूल करते.

फोटो मात्र आहेत. दगडाचे, खळग्यांचे, आणि पायऱ्यांच्या मधोमध असलेल्या आईचे. कुणी "असं काही नव्हतंच" म्हणालं की समोर ठेवते.

हे लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. तिला मुळीच आवडलं नाही.

"त्या बाईचंच काय लावलं एवढं? ते बाई होती का नव्हती, मले नाही मालूम. उतरली तं मी. माह्या पायानं उतरली... ते लिव ना आंधी."