राणीच्या हातची घडी

आयर्लंडमधल्या ल्यूकनमध्ये प्रभाबाईंच्या भिंतीला भिंत लागून नोराबाईंचं घर. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे आणि तोंडी सदा एकच विषय, राणी.

अठराव्या वर्षी नोरा समुद्राकाठच्या एका भाड्याच्या घरात कामाला लागली. मालकीण म्हणजे युरोपातल्या कुठल्याशा देशाची राणी. युद्धानंतर राज्य बुडालं, नवरा गेला, आणि बाई दोन पेट्या घेऊन इकडे आली. पायमोज्यांना भोकं, पण टेबलावर पांढराशुभ्र कपडा हवाच. तिथे बसून रोज टपालवाल्याची वाट बघायची.

"या महिन्यात मला देशात नक्की परत बोलावतील बघ, नोरा."

चार वर्षांत बोलावणं आलं ते एकच, चर्चमधल्या केकविक्रीचं. तिथेही बाई मोत्यांची माळ घालून गेली!

प्रभाबाई सातवी शिकलेल्या, साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या. इंग्रजी तोडकंमोडकं, पण राज्य गेलेली बाई त्यांना चटकन कळली. स्वतःच्या स्वयंपाकघरावर त्यांनीही चाळीस वर्षं राज्य केलं होतं. इथे सुनेला विचारावं लागे, मीठ कुठं ठेवलंस गं?

आता नोराबाईंचे गुडघे थकले. रविवारी त्या डंडॉकला लेकीकडे कायमच्या निघणार होत्या. शनिवारी सकाळी खुर्चीतूनच त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "राणीचा टेबलक्लॉथ, प्रभा. प्रेस. बरोबर न्यायचाय."

प्रभाबाईंनी कपाट उघडलं. कपडा समोरच होता, पण घडी कशी? वेडीवाकडी, कोपरे चहूकडे. असा न्यायचा होय लेकीकडे? त्यांनी तो घरी नेला, पाणी शिंपडलं आणि अशी कडक इस्त्री केली की धारेनं बोट कापावं. मग नात श्रावणीला घेऊन ऐटीत परतल्या.

नोराबाईंचा चेहरा पडला. त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. श्रावणीने आजीचा हात धरला.

"आजी, इथे कपाटाला प्रेस म्हणतात. इस्त्री नाही."

"मग बिघडलं काय?"

"ती घडी क्वीनने घातली होती. हॉस्पिटलला जाताना. लाईफमध्ये फर्स्ट टाइम. म्हणाली, परत आल्यावर मीच उघडेन. अँड शी नेव्हर केम बॅक."

साठ वर्षं जपलेली घडी, अन् आपण पाच मिनिटांत मोडली! प्रभाबाई कळवळल्या. "माझे हात झडोत गं बाई!"

श्रावणीला त्याचं इंग्रजी सुचेना. "शी इज व्हेरी सॉरी," एवढंच ती म्हणाली.

मग नोराबाई म्हणाल्या, "पसर तो."

कपडा टेबलावर पसरला. नोराबाईंचा हात त्यावरून फिरत फिरत एका फिक्या तपकिरी डागावर थांबला. आणि बाई हसायलाच लागली.

"हा माझा प्रताप! पहिल्याच दिवशी चहा सांडला. आता कामावरून काढून टाकणार म्हणून मी थरथरतेय, तर राणीनं गुपचूप आपली बशी त्याच्यावर सरकवली. विसरलेच होते की मी! इतकी वर्षं आत घडीत होता मेला." श्रावणी भराभर आजीला सांगत होती.

नोराबाईंनी डोळे पुसले. "किटली ठेव, प्रभा."

चहा झाला. प्रभाबाईंनी राणीची रीत म्हणून नोराबाईंची बशी अलगद त्या डागावर ठेवली.

नोराबाईंनी ती बोटाने बाजूला सारली. "झाकू नकोस गं. बघू दे मला."