एडवणचा लाल दिवा

फायबरची तार केसाएवढी. तिच्यात कुठल्या सेवेचा प्रकाश कुठल्या पट्ट्यातून, म्हणजे कुठल्या रंगातून धावणार, हे एक कमिटी ठरवते. आम्ही बोईसरला घरोघरच्या इंटरनेटचे डबे बनवतो. कमिटीवर आमचे सावे सर, आणि त्यांची बॅग उचलायला मी. इतक्या वर्षांत मीटिंगच्या मिनिट्सची एक फाइल झाली, किश्शांच्या चार झाल्या असत्या. मिनिट्स तसंही कुणी वाचत नाही!

*

दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा किती सोडायची, यावर एकदा जुंपली. दिल्लीच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "एवढी कशाला? वाया जाते."

सरांनी ऐन मे महिन्यात डबा बेटेगावला पत्र्याखाली ठेवला. दुपारी डब्यातला लेसर तापला आणि त्याचा प्रकाश सरकत सरकत शेजारच्या पट्ट्याच्या उंबऱ्याशी गेला. मीटर धरून बसलेला आमचा टेक्निशियन यादव म्हणाला, "साहब, इसको भी लू लगती है."

मीटिंगमध्ये सर एवढंच बोलले, "तुमचा लेसर एसीत बसतो, आमचा पत्र्याखाली." जागा मिळाली.

*

मी नवा होतो तेव्हा चालू लाइनवर तपासणीचा प्रकाश सोडला, तोही नेमका टीव्हीच्या पट्ट्यात. मॅच रंगलेली, आणि अख्ख्या आळीचे टीव्ही बंद. रजिस्टरात मी लिहिलं, 'चूक झाली.'

सरांनी पेन परत माझ्या हातात दिलं. "पुढे नाव लिही. बिननावाची चूक पुन्हा होते."

त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता.

*

मग नव्या वेगवान सेवेला पट्टा द्यायची वेळ आली. जुन्या सेवेच्या शेजारचा पट्टा सगळ्यांना पसंत, शुक्रवारी शिक्कामोर्तब. सर एकटेच अस्वस्थ. "आपल्या जुन्या डब्यांना शेजारचा प्रकाश सोसेल का?"

गुरुवारी आम्ही एडवणला जयवंती मावशींकडे गेलो. त्यांचा डबा आमच्या पहिल्या लॉटमधला. मुलगा जहाजावर, त्याचा कॉल रोज चारला. घरात मोबाइलला रेंज नाही.

पावणेचारला तारेत नवा प्रकाश सोडला. डब्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"आता पोराचा फोन येल," मावशी म्हणाल्या. "दिवा लाल हाय, तर आमी बोलायचं कसं?"

नवा प्रकाश बंद केला, तरी दिवा लालच. चारला दोन मिनिटं असताना तो हिरवा झाला.

सर ओट्यावर बसले. "शेजारचा प्रकाश अडवणारा फिल्टर या डब्यात नाहीच," ते म्हणाले. असे डबे किती गावांत गेलेत, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

*

शुक्रवारची मीटिंग ऑनलाइन. आमच्या कंपनीच्या मालकांनी आधीच बजावलं होतं, "तो डबा आपला आहे, हे बाहेर येता कामा नये." सरांच्या रिटायरमेंटला दोन महिने उरले होते.

सरांनी एडवणची टेस्ट दाखवली. कमिटीचे चेअरमन एके काळी दुसऱ्या कंपनीत असलेच डबे डिझाइन करायचे. ते वैतागले. "असल्या डब्यांसाठी सगळ्यांनी पट्टा बदलायचा? फिल्टरशिवाय डबा बनवला तरी कोणी?"

सगळे माइक बंद.

सरांनी माइक चालू केला. "मी. तेव्हा तारेत एकच सेवा होती, म्हणून फिल्टर मी काढला. मिनिट्समध्ये नाव लिहा, सावे."

आमच्या शेजारी बसलेले मालक खुर्चीतून उठून बाहेर गेले. मग दिल्लीच्या साहेबांचा माइक चालू झाला. "आमच्याही जुन्या डब्यात नाही."

चेअरमननी समोरचा कागद बाजूला सारला.

"सावेंच्या खाली," ते म्हणाले, "माझं नाव लिहा."