मी उजळलेले दहा चेहरे

छावणीच्या बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. तो वडिलांनी काढला आणि गेली वीस-बावीस वर्षं मी चालवते, म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून लोकांना गोरं करते. वडील निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाचा चेहरा उजळ करायचे, तेच मी माऊसनं करते. लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' असा एक रकाना असतो आणि त्यात 'काळा' असं लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. गोरा, गव्हाळ, निमगोरा, आणि अगदीच नाइलाज झाला तर सावळा. रकान्यात लिहिलंय ते फोटोत दिसलं पाहिजे, एवढाच आमच्या धंद्याचा धर्म.

मी स्वतः काळी आहे. सावळी नाही, काळी. "काळी असली तरी नाकीडोळी नीटस हाय" हे मी इतक्या मावश्यांकडून ऐकलंय की माझं नाक हे लोकांनी माझ्यावर केलेला उपकार आहे असंच मला वाटायचं. माझा दाखवायचा फोटो वडिलांनी स्वतः रिटच केला होता. तो बघून कन्नड तालुक्यातले पाहुणे आले. त्यांनी मला बघितलं, पोहे खाल्ले आणि फोन करतो म्हणाले. मग आणखी चार पाहुणे झाले. प्रत्येक नकारानंतर वडील फोटो अजून थोडा उजळायचे. शेवटी मीच म्हणाले, आता पुरे करा, नाहीतर फोटोत नुसती साडी उरंल.

ज्या बाईवर एवढं बेतलं तिनं तरी शहाणं व्हायला हवं होतं. मी झाले नाही, आणि ते भोगलं दुसऱ्याच एका पोरीनं.

ती टांझानियाची होती, इथल्या कॉलेजात फार्मसी शिकायला आलेली. आमच्या शहरात आफ्रिकेची मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात आणि शहर वर्षानुवर्षं त्यांच्याकडं टकामका बघतं. ती पासपोर्ट फोटोसाठी पहिल्यांदा आली तेव्हा शेजारचा मोबाइलवाला त्याचं दुकान सोडून आमच्या दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला विचारलं, "क्या होना, भाई?" तो वरमून निघून गेला. मेसमध्ये राहून राहून ती आमच्याच गावची हिंदी शिकली होती. तिच्या तोंडून 'हौ' आणि 'नक्को' ऐकून वडीलसुद्धा हसले होते.

हळूहळू ती नुसती बसायलाही यायला लागली. गळ्यात कॅमेरा असायचा. फार्मसी तिच्या वडिलांना हवी होती, तिला फोटो काढायचे होते. युरोपातल्या एका मोठ्या शहरात एक प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या जुन्या चित्रांत जी काळी माणसं आहेत त्यांची चित्रं एका भिंतीवर, आणि समोरच्या भिंतीवर आजच्या काळ्या तरुण मुलामुलींनी काढलेले आपल्या माणसांचे फोटो. ज्यांचे फोटो निवडले जातील त्यांना सहा महिने तिथं राहून शिकायला मिळणार होतं. दहा फोटो, कागदावर छापून, ठरल्या तारखेच्या आत पोचवायचे होते. वर्षभर ती त्या भिंतीशिवाय दुसरं काही बोलली नाही.

काउंटरवर कोपरं टेकून ती मला मोबाइलवर ती जुनी चित्रं दाखवायची. युरोपात काळी माणसं आत्ता आत्ता, बोटींतून वगैरे आली, असं मला वाटायचं. तिनं दाखवला तो घोड्यावर बसून तुतारी फुंकणारा राजदरबारातला काळा वाजंत्री, पाचशे वर्षांपूर्वीचा. मग एक झालरीच्या गळपट्टीतला रुबाबदार माणूस. तो तलवारीत अख्ख्या शहराला भारी होता आणि व्हायोलिनही तसंच वाजवायचा म्हणे. काही चित्रांत मालकिणीचं नाव होतं, तिच्या कुत्र्याचंसुद्धा होतं, आणि शेजारच्या काळ्या पोरीपुढं नुसतं 'नोकर'. आता तिथले लोक चर्चच्या जुन्या वह्या चाळून त्या पोरींची नावं शोधताहेत, असं ती सांगायची तेव्हा कुणी हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

एकदा ती म्हणाली, "ताई, आपका शहर भी तो एक हबशी वजीरनेच बसाया ना?"

मी म्हणाले, व्हय, शाळेत होतं आम्हाला. दोन मार्कांचा प्रश्न यायचा, मी तो कधी चुकवला नाही. त्यानं शहर वसवलं, नहरीनं पाणी आणलं, सगळं पाठ. पण माझ्या डोक्यातला तो वजीर फेटा आणि मिशा असलेला, बाकीच्या सरदारांसारखाच चांगला गव्हाळ होता. हे मी तिला सांगितलं नाही.

तिचे दहा फोटो त्याच नहरीच्या जुन्या भिंतीशी, होस्टेलात आणि दवाखान्यात काढलेले होते. बगलेत फुटबॉल धरलेला मुलगा, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या दोघी, दवाखान्याच्या रांगेत बसलेला एक उंच पोरगा. दहावा तिचा स्वतःचा, आरशातला. पेनड्राइव्ह देताना ती म्हणाली, "जैसा है वैसाच छापना, ताई." दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून पार्सलही मीच करायचं ठरलं.

आता हे गिऱ्हाइकांना माहीत नसतं, पण आम्हाला पक्कं माहीत असतं. जसं आहे तसंच ठेवा, असं प्रत्येकजण म्हणतो. तसंच ठेवलं तर तोच माणूस संध्याकाळी भांडायला येतो की मी एवढा काळा आहे का. त्यामुळं ते वाक्य आम्ही ऐकतो आणि सोडून देतो. तिचंही सोडून दिलं. दुपारभर बसून मी एकेक चेहरा घेतला. कपाळ, गाल, डोळ्यांखालचा भाग, मान. दहाच्या दहा जण दोन-तीन छटांनी वर आणले. मोठ्या ठिकाणी जायचेत, पोरीचं नाव झालं पाहिजे, असं मनात म्हणत होते. माझी तिच्यावर माया होती. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, माया अशीही असते म्हणून सांगते. बटर पेपर घालून, पुठ्ठा लावून, पाकीट चिकटवून मी ते वेळेत कुरिअरला दिलं आणि घरी जाऊन समाधानानं जेवले.

महिन्याभरानं एका बुधवारी ती आली. पाकीट परत आलं होतं. तिनं दहाही फोटो काउंटरच्या काचेवर मांडले.

"इसमें मैं कौनसी, ताई?"

मी दहाव्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "ये मेरी कोई गोरी बहन है. और मेरी कोई बहन हैच नहीं."

चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तसं मी वर तोंड करून म्हणाले, अगं, छान तर दिसतायत, उजेड कमी पडला होता तुझा. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाइलवर आलेलं उत्तर वाचून दाखवलं. जिला आपल्याच माणसांचा रंग लपवावासा वाटतो तिचं काम या भिंतीवर लागू शकत नाही, असा त्याचा अर्थ होता. तिनं उलट कळवलं होतं की हे आपण केलेलं नाही. त्यावर त्यांनी एक संधी दिली होती. ज्यानं फोटो छापले त्यानं तसं लिहून द्यावं, की चेहरे आम्ही न विचारता उजळले, मग ते नव्या प्रती घेतील. पत्र ईमेलनं शुक्रवारपर्यंत पोचायला हवं होतं.

मी नव्या प्रती तिच्यासमोरच काढल्या, काही न करता. मशीनमधून तो फुटबॉलवाला मुलगा हळूहळू बाहेर आला, आणि त्याच्या काळ्या गालावर संध्याकाळचं ऊन कसं चमकतंय ते मी पहिल्यांदा बघितलं. ते मी पुसून टाकलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी दुसऱ्या प्रतीकडं बघितलंच नाही. पत्र उद्या देते, म्हणाले.

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "तसलं काय बी लिहू नको. उद्या कुणी मोबाइलवर फिरवलं तर? लोक म्हणतील, आमच्या बी पोरींचे असेच बदलले व्हय? आन चुकीचं काय केलंस? लई सुंदर केलं व्हतंस."

मी म्हणाले, "माझा बी असाच सुंदर केला व्हता तुम्ही."

त्यांनी ताटाकडं बघत भात कालवला. ते बोलले ते मला पटलंही होतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. बाजारात आणखी सहा स्टुडिओ आहेत, आणि गोरं करून न देणाऱ्या सातव्याची कुणाला गरज नाही.

गुरुवारी ती आली तेव्हा पत्र तयार होतं. मशीनमधल्या बिघाडामुळं प्रिंट फिकट आल्या, असं मी इंग्रजीत लिहिलं होतं. तिनं ते उभ्यानंच वाचलं.

"मशीनने नहीं किया," ती म्हणाली. "मशीन सबको फीका करता तो पीछे की दीवार भी फीकी होती. उनको दिखता है, ताई. सच लिखो ना. एकच लाइन. आपका नाम नक्को, खाली दुकान का शिक्का मारो."

तिनं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. दारात एक बाई मुलीला घेऊन थांबली होती, दाखवायचा फोटो काढायला आलेली. मुलगी माझ्याच रंगाची होती आणि आमच्याकडं बघत होती. शिक्का माझ्या हाताखालच्या खणात होता.

मी म्हणाले, "शिक्का वडिलांकडं असतो. ते पैठणला गेलेत, सोमवारी येतील."

तेवढ्यात मागच्या खोलीत वडील खोकले, आणि चहा पाहिजे म्हणून त्यांनी मला हाक मारली.

तिनं नवे दहा फोटो उचलले, कोरा कागद तिथंच ठेवला आणि बाहेर पडताना त्या बाईला आत यायला वाट करून दिली.