बेलसरे यांचा जपानी सारांश

चारुदत्त बेलसरे यांचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होता. तो त्यांच्या आधी खोलीत यायचा आणि ते निघून गेल्यावरही थोडा वेळ भिंतींवर बसून राहायचा.

मुंबईच्या एका बँकेने त्यांना टोकियोच्या शाखेत पाठवलं, तेव्हा ती शाखा माणसांनी भरलेली होती. मग ती आक्रसत गेली. शेवटी तिच्यात एक मॅनेजर, एक प्रिंटर आणि बेलसरे उरले. त्यातल्या दोघांना बँकेने मोकळं केलं. प्रिंटर राहिला.

तोवर ज्योत्स्नाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या एका जपानी पाळणाघरात शिक्षिका झाल्या होत्या आणि मुलगी केतकी कोबेच्या विद्यापीठात शिकत होती. मुंबईला परत जाण्याची इच्छा एकट्या बेलसऱ्यांची होती, आणि त्या घरात एकट्याच्या इच्छेवर तिकिटं काढली जात नसत. ते राहिले. सकाळी ते खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत. समोरची इमारतही त्यांच्याकडे बघे. दोघांनाही एकमेकांत सुधारणेला बराच वाव दिसत असे.

त्यांची खरी कारकीर्द एका बुटामुळे सुरू झाली.

तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या कार्यक्रमात हॉलच्या दारातून अनिश नावाच्या मुलाचा नवा निळा बूट हरवला. त्याची घोषणा करायला बेलसऱ्यांनी माइक घेतला. "निळा बूट, उजवा, कोणाच्या पायात असेल तर परत करावा," असं म्हणून खाली ठेवायचा होता. पण ते थांबले आणि म्हणाले, "मुळात बूट जातोच कसा?" मग ते पाऊण तास बोलले. आपला पाय कशात घालतो आहोत हे न बघणारा माणूस, त्याचे आईवडील, त्याला मिळालेली फ्रोझन पुरणपोळी, घरात मुलांनी वापरायची भाषा, तरुणांच्या शेंड्या आणि बाल्कनीत बादलीत होणारं विसर्जन, असा तो बूट चालत राहिला. उकडीचे मोदक थंड झाले. अनिश हॉलच्या स्वच्छतागृहातल्या प्लास्टिकच्या चपला घालून घरी गेला.

पाहुण्यांत फुजिमोरीसान होते. ते 'एफएम मिझुबे' नावाचं छोटंसं स्थानिक रेडिओ केंद्र चालवत. त्यांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं आणि ज्योत्स्नाबाईंना जपानीत सांगितलं, "इतक्या माणसांना इतका वेळ इतकं अवघडून बसवणारा मनुष्य मी आजवर पाहिला नाही."

"काय म्हणतात?" बेलसऱ्यांनी विचारलं.

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

असा 'स्पष्टच बोलतो' हा कार्यक्रम जन्माला आला. दर शनिवारी सकाळी, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. बेलसरे श्वास घेत तेव्हा खालून दात कोरण्याचा आवाज येई. पूर्वी असं नव्हतं, हे त्यांचं मत होतं आणि ते सगळ्याला लागू होतं. श्रोते फोन करत. विशेषतः चिडलेले.

"काका, तोयोसुहून जयेश बोलतोय. तुम्ही मागच्या शनिवारी म्हणालात, मुलांनी मराठी सोडून जपानीत उत्तर दिलं तर त्यांना जेवायला वाढू नका."

"म्हणालो."

"मी नाही वाढलं."

"शाबास."

"तो खाली कोनबिनीच्या दुकानात गेला आणि भाताचा ओनिगिरी घेऊन आला. आईलाही एक आणला. मला नाही आणला."

"तुम्ही मागितला का?"

"मागितला. त्यावर तो जपानीत काहीतरी बोलला."

"मग मागायलाच नको होता," बेलसरे म्हणाले. "तत्त्वाला भूक लागत नाही, जयेशराव."

"तत्त्वाला नसेल लागत, काका. मी ब्रेड खाल्ला."

केंद्राचा एक नियम होता. परभाषेतल्या कार्यक्रमात प्रत्येक भागानंतर जपानीत सारांश सांगायचा. कानात काय ओतलं जातंय हे जपानी श्रोत्याला कळलं पाहिजे. सारांशाचं काम ज्योत्स्नाबाईंकडे आलं. त्या दुसऱ्या माइकपुढे बसत आणि पाळणाघरात मुलांना झोपवताना वापरतात त्या आवाजात बोलत. जयेशच्या फोननंतर त्या म्हणाल्या, "बेलसरेसान म्हणतात, मूल कुठल्याही भाषेत बोलू दे, ते आपल्याशी बोलतंय हेच पुष्कळ आहे. आज दुपारी वारा सुटणार आहे. गॅलरीतल्या कपड्यांना चिमटे लावावेत."

बेलसरे शेजारी गंभीरपणे मान डोलावत होते. आपले विचार जपानीत फार थोडक्यात मावतात, एवढंच त्यांच्या लक्षात आलं होतं.

हळूहळू भेटी येऊ लागल्या. जाडजूड पांढरे मुळे, वाळवलेली पर्सिमन फळं, माइकला घालायची लोकरीची टोपी. सगळ्या त्या भागातल्या म्हाताऱ्या जपानी माणसांकडून. बेलसरे टोपी हातात घेऊन बराच वेळ बसले. "हा देश माझ्या बाजूने आहे," ते म्हणाले. त्यानंतर ते तोझाई लाइनच्या गाडीत समोरच्या वृद्धांकडे बघून अर्थपूर्ण मान हलवू लागले. वृद्धही मान हलवत. काहींनी उठून त्यांना जागा दिली, हे मात्र त्यांना आवडलं नाही.

मग त्या श्रोत्यांनी त्यांना चहाला बोलावलं. ज्योत्स्नाबाईंना पाळणाघरातून सुट्टी नव्हती, म्हणून बेलसरे ओळखीतल्या, जपानी येणाऱ्या पुष्कर नावाच्या तरुणाला घेऊन गेले. पुष्कर सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करी. जे दिसतं ते काहीही न बदलता कळवायचं, यासाठीच त्याला पगार होता.

हमानो नावाच्या अगदी लहानखुऱ्या आजींनी बेलसऱ्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बोलायला सुरुवात केली.

"त्या म्हणतात," पुष्कर म्हणाला, "की त्यांची सून सकाळी भात खात नाही, पाव खाते. त्यावरून घरात बोलणं बंद होतं. पण तुम्ही रेडिओवर म्हणालात, खाऊ दे पाव. तर आता त्याही तिच्याबरोबर पाव खातात. वर लोणी लावतात."

"मी असं म्हणालो?"

"त्या म्हणतात, म्हणालात."

"मी म्हणालो होतो की न्याहरीला पाव खाणाऱ्या सुनेच्या हातात घराच्या किल्ल्या देऊ नयेत."

"हे सांगू त्यांना?"

बेलसऱ्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून हमानोआजींच्या हातात होता आणि परत मिळण्याची चिन्हं नव्हती.

"नको," ते म्हणाले. "लोणी बेताने लावा म्हणावं."

पण एकेक करून सगळे पुढे आले. कोणी त्यांच्या सांगण्यावरून भावाशी बोललं होतं, कोणी मुलीच्या घटस्फोटाबद्दल तिला बोलणं सोडलं होतं. एका आजोबांनी केस वाढवून शेंडी बांधली होती आणि ती वळून दाखवली. बेलसरे घरी आले ते एखाद्या अनोळखी माणसाचा सत्कार चुकून स्वीकारून आल्यासारखे.

"दोन वर्षं तू माझ्या नावावर काय सांगते आहेस?" त्यांनी विचारलं.

"कपड्यांना चिमटे लावा," ज्योत्स्नाबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

"मी कधी चिमट्यांबद्दल बोललो?"

"तेच तर."

"हा विश्वासघात आहे, ज्योत्स्ना."

"अहो, इथे आल्यापासून मी हेच करतेय. घरमालकांना तुम्ही म्हणालात, ही खोली आहे की खोका. मी सांगितलं, यांना घर आटोपशीर वाटलं. म्हणून निदान खोका मिळाला."

"तो प्रश्न वेगळा."

"आणि वरच्या ओकाबेबाई मागे दारात आल्या होत्या. तुम्ही फोनवर बोलायला लागलात की त्यांचं मांजर कपाटात जाऊन बसतं, हे सांगायला. मी तुम्हाला काय सांगितलं?"

बेलसरे आठवू लागले. "मांजर आजारी आहे म्हणालीस."

"मग तुम्ही मांजराची चौकशी करायला वर गेलात. मोठ्याने."



"इथून पुढे शब्दाला शब्द," बेलसरे म्हणाले. "मी जे म्हणतो तेच. नाहीतर नको."

"मग तुमचं तुम्ही सांगा. मी शनिवारी झोपणार आहे."

नेमक्या त्याच आठवड्यात फुजिमोरीसानांचा निरोप आला. एप्रिलपासून नवं वेळापत्रक. शनिवारच्या वेळेवर हुला नृत्याच्या एका वर्गाचा डोळा आहे. या शनिवारी कार्यक्रम ठरवणारी समिती केंद्रात येऊन ऐकणार आहे. सारांश हवाच, सारांश नाही तर कार्यक्रम नाही.

बेलसऱ्यांनी पुष्करला फोन केला. पुष्कर म्हणाला, "काका, शब्दाला शब्द मी करू शकतो. पण मला अजून इथेच राहायचंय."

कार्यक्रम गेला तर काय उरतं, याचा बेलसऱ्यांनी विचार केला. सोमवारी जळणारा कचरा टाकायचा. गुरुवारी पुन्हा जळणारा कचरा. मध्ये बाटल्या. आणि पारदर्शक पिशवी हातात धरून कचऱ्यावरच्या जाळीपाशी उभा असलेला एक उंच गृहस्थ, ज्याचं मत कोणी विचारत नाही. कुठली वस्तू कशात आणि कोणत्या दिवशी टाकायची, हे इथे पालिका पत्रक काढून सांगते. पण आवाज कोणत्या दिवशी टाकायचा, हे त्या पत्रकात नव्हतं.

शनिवारी ज्योत्स्नाबाई खरोखरच उठल्या नाहीत. बेलसरे एकटे गेले. काचेपलीकडे फुजिमोरीसान आणि समितीचे तीन सभासद बसले होते. विषय होता 'घरातले दुभाषे'. बेलसरे त्या दिवशी असे काही बोलले की खालच्या डॉक्टरांनी यंत्र बंद करून वर पाहिलं असावं. नवऱ्याचं वाक्य बायकोने बदलणं म्हणजे घराचा पत्ता बदलण्यासारखं आहे, असं ते म्हणाले. मग पहिल्या भागाची वेळ संपली आणि काचेपलीकडून फुजिमोरीसानांनी बोट दाखवलं. सारांश.

बेलसऱ्यांना जपानी येतच नव्हतं असं नाही. फक्त त्यांच्याशी जपानीत आजवर यंत्रंच बोलली होती. माणसं ज्योत्स्नाबाईंशी बोलत. त्यांच्या वाट्याला स्टेशनं, लिफ्टा आणि नळ आले होते. आता ती सगळी यंत्रं त्यांच्या घशाशी जमा झाली.

"धोका आहे," ते जपानीत म्हणाले. "म्हणून कृपया पिवळ्या रेषेच्या आत थांबा."

काचेपलीकडे कोणी हललं नाही.

"दरवाजे बंद होत आहेत." त्यांनी माइक जवळ ओढला. "उतरताना आपलं काही विसरलं नाही ना, याची खात्री करून घ्या."

समितीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

आणखी एक वाक्य त्यांना येत होतं. ते त्यांच्या न्हाणीघरातलं यंत्र रोज संध्याकाळी म्हणे.

"आंघोळीचं पाणी तापलं आहे," बेलसरे म्हणाले, आणि थांबले.

समितीतल्या बाई रुमाल शोधत होत्या. त्यांच्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "यांचं वय झालं तसे हे अधिकच खोल बोलायला लागले आहेत." हे अर्थातच बेलसऱ्यांना ऐकू गेलं नाही. त्यांना दिसला तो फक्त फोनचा लाल दिवा. त्यांनी फोन घेतला.

"निशी-कसाईहून बोलतेय."

बेलसरे खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "नाव?"

"तुम्हाला माहीत आहे."

"नियम आहे. नाव सांगावं लागतं."

"ज्योत्स्ना बेलसरे. मला स्पष्टच बोलायचंय."

आणि त्या बोलल्या. पुरण घरीच वाटावं असं दर शनिवारी सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही डाळ निवडलेली नाही, असं त्या म्हणाल्या. मराठी टिकवा म्हणणारे गृहस्थ केतकीचा फोन आला की भाषण देतात, आणि ती पोरगी आता आईच्याच नंबरावर फोन करते. घराचा पत्ता बदलला म्हणता. त्या पत्त्यावर राहतं कोण, पाहुण्यासारखं? "लोक तुम्हाला मुळे पाठवतात, चारुदत्त," त्या म्हणाल्या. त्यांनी त्यांना नावाने हाक मारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती निशी-कसाईपासून तोयोसुपर्यंत ऐकू गेली. "ते मुळे मी किसते, मीच पिळते आणि पराठेही मीच लाटते. तुम्ही खाता आणि म्हणता, पूर्वी यात ओवा असायचा."

त्या थांबल्या. काचेपलीकडे फुजिमोरीसानांचं बोट पुन्हा वर झालं. श्रोत्याच्या फोनचाही सारांश लागतो.

बेलसऱ्यांनी आपल्याकडचा साठा पुन्हा धुंडाळला. त्यात रागाला शब्द नव्हता. इथली यंत्रं चिडत नाहीत. फार झालं तर माफी मागतात. गाडीला थोडा उशीर झाला तरी मागतात.

"माझी बायको," ते जपानीत म्हणाले. बायकोपुढचं वाक्य कुठलंच यंत्र म्हणत नसे. "गाडीला उशीर झाला आहे. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो."



"क्षमा कोण मागतंय?" ज्योत्स्नाबाईंनी मराठीत विचारलं. "मी की तुम्ही?"

"सारांश आहे तो," बेलसरे म्हणाले.

"मी असं काही म्हणाले नव्हते."

"मला माहीत आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दुसरा भाग थोडा लांबवा," त्या म्हणाल्या. "मी सायकलने येतेय. आणि तोवर जपानीत काही बोलू नका. आंघोळीच्या पाण्याचं ऐकून ओकाबेबाई विचारायला आल्यात, तुम्ही बरे आहात ना."

बेलसऱ्यांनी भाग लांबवला. लांबवण्याचा त्यांना सराव होता.

हुला नृत्याला रविवार मिळाला. एप्रिलच्या वेळापत्रकात 'स्पष्टच बोलतो' राहिला, मात्र समितीने वेळेची नवी वाटणी केली: बेलसरेसान थोडक्यात, सारांश सविस्तर. हे फुजिमोरीसानांनी ज्योत्स्नाबाईंना सांगितलं आणि त्यांनी ते, दोन वर्षांत प्रथमच, नवऱ्याला शब्दाला शब्द सांगितलं.

बेलसरे खिडकीत उभे होते. त्यांनी समोरच्या इमारतीकडे पाहून थोडा विचार केला.

"सांग तुला हवं ते," ते म्हणाले. "पण जरा जोरात सांगत जा. लोकांना वाटतं, मी हळू बोलतो."