दौलतकाकांच्या फळीवरच्या बाटल्या

दौलतकाका गेल्याचं मला खाणीच्या दिवेखोलीत, मी कामाला आहे तिथेच, कळलं. पाळी सुटली होती, खिडकीतून एकेक दिवा परत येत होता. दिवा हातात देता देता एक जण म्हणाला, "तुहा खानसामा गेला बाप्पा सकाळी." मी दिवा खुंटीला अडकवला. तर तो पुढे म्हणतो, "अन् घरात वाईनच्या बाटल्या निंघाल्या म्हन्ते. अर्ध्या-मुर्ध्या. पंचशील घेतलेला मानूस..." त्याच्या मागचा हसला. महिना झाला, ते हसणं कानातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. माझी शाळा सहावीत सुटली, चुकेल ते सांभाळून घ्यावं.

मालवणकडून मी राजूरला आलो तेव्हा मला खोली कोणी देईना. माझ्या बोलण्याला लोक हसत, आणि मी भीतीने आणखीच चुकीचं बोलायचो. काका तेव्हा मॅनेजरच्या बंगल्यावर खानसामा होते. कोण, कुठला हे त्यांनी विचारलं नाही. "जेवला का?" एवढंच विचारलं आणि मधली खोली दिली. त्या खोलीत भिंतीला एक फळी होती. पूर्वी तिच्यावर देव असत. दीक्षा घेतल्यावर काकांनी देव नदीत सोडले आणि फळी रिकामी झाली. पुढे बंगल्यावरचा तो जुना इंग्रज मॅनेजर साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याने पाच बाटल्या काकांच्या हवाली केल्या. बुचावर लाख, लाखेवर त्याच्या अंगठीचा ठसा. मी परत येईन, तोवर अंधारात आडव्या ठेव, असं सांगून गेला. पण आडव्या ठेवायला काकी तयार होईनात. "आडवं मढं ठेवतेत. पाच मढे नाइ पायजे मले घरात!" मग बाटल्या फळीवर उभ्या राहिल्या, खिडकीसमोर. दुपारी ऊन त्यांच्यातून येई आणि माझ्या अंथरुणावर तांबडे डाग पडत.

वस्तीतली माणसं सांगून दमली, "फेकून दे, दौलत." काका पूर्वी साहेबाच्या पेल्यांत उरलेली दारू पीत, हे त्यांनीच मला सांगितलेलं. दीक्षेनंतर थेंब नाही. पण बाटल्या टाकेनात. "पिनं सोडलं म्या," म्हणायचे, "शबद नाइ सोडला."

बाटल्या घरात आल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात, एका रविवारी बाटल्या पुसताना त्यांनी मला हाक मारली. "बापू, हे पाह्य." वाईन बाटलीच्या खांद्याखाली गेली होती. पाचही बाटल्यांत, कमी-जास्त. त्या खोलीत मी एकटाच निजत होतो. "आवशीची शपत काकांनू, मी हात नाय लावलंय!" काकांनी लाखेवरून नख फिरवलं. "लाख तं साबूत हाये. तू कायले रडतं?" मग त्यांनी प्रत्येक बाटलीला वाईनच्या रेषेवर पांढरा दोरा बांधला. महिन्याभरात वाईन दोऱ्याखाली उतरली. मग दुसरा दोरा, मग तिसरा... बंद बाटल्या, आणि दुपारी खोलीत आंबट वास. माझ्या अंथरुणावरचे डाग दर उन्हाळ्यात लहान होत गेले.

पुढे ऑफिसातल्या बाबूने सहज सांगितलं, जुना साहेब त्याच्या देशात वारला. काकांनी एवढंच विचारलं, "कधी जी?" दोन वर्षं झाली, उन्हाळ्यात, असं तो म्हणाला; म्हणजे पहिला दोरा बांधला त्याच उन्हाळ्यात. घरी येऊन काका फळीसमोर बसले. दोरे मोजले आणि म्हणाले, "म्हंजे थोच येऊन राह्यला." काकी स्वयंपाकातून म्हणाल्या, "येऊ दे. इंग्रज असला तरी सभाव चांगला होता जी." मला मात्र पुढे कित्येक दुपारी त्या खोलीत डोळा लागला नाही.

काका कात्रीत सापडले ते इथे. साहेब येतो म्हणावं, तर मेलेल्याला खाऊपिऊ घालणं दीक्षेत सोडलेलं. न म्हणावं, तर पिणारा घरातलाच ठरणार. विहारात एका वडीलधाऱ्यांनी माझ्या देखत विचारलं, "मंग पेते कोन, दौलत? हा कोकन्या तं नाइ?" दारूबंदी होती. काकांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती. काका म्हणाले, "त्याच्यावर जाऊ नोका." मग संशय त्यांच्यावरच राहिला. त्या दिवसापासून विहारात ते शेवटच्या रांगेत बसू लागले. मी गप्प राहिलो. माझं लग्न झालं, मी क्वार्टरात राहायला गेलो, तरी गप्पच.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वस्ती श्रद्धांजलीला विहारात जमली तेव्हा, काकींनी पाचही बाटल्या लुगड्यात बांधून आणल्या आणि मला म्हणाल्या, "बोल आता. सारंच सांग." मी एवढंच म्हणालो, "लाख बघा." त्याच वडीलधाऱ्यांनी एकेक बाटली उन्हाकडे धरली. ठसा शाबूत, आणि शेवटच्या बाटलीत तळाशी बोटभर वाईन. ती त्यांनी घाईने खाली ठेवली. कोणी हसलं नाही. मग मी सगळं सांगितलं, साहेबाचंही. ते हात जोडून काकींना म्हणाले, "बाई, आमी त्याले मांगं बसवलं. चुकलं."

खाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी नंतर मला समजावलं. बाटली उभी ठेवली की बूच सुकतं, लाखेला न दिसणारी चीर जाते, आणि आपल्याकडचा उन्हाळा वाईन ओढून घेतो. धावत जाऊन मी काकींना ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असंन. मंग साहेब मेला त्याच साली काहून?"

परवा गेलो होतो. काकी आता मधल्या खोलीत निजतात. मी म्हटलं, इथे एकट्या कशाला राहता, आमच्याकडे चला. त्या फळीकडे बघून म्हणाल्या, "एकटी कुठं हावो मी? दोघं हायेत नं. हळू बोल."

मी आवाज खाली आणला.