गयेले सोडलेलं सीताफळ

गोदूसारखी हट्टी बाई मी साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, पाह्यली नाही, अन् मी काही कमी बाया पाह्यल्या नाहीत. मी कांताबाई, रेल्वेतून रिटायर झालेल्या मारोतीची बायको, गोदूची भिंतीले भिंत शेजारीण. तिचं खरं नाव गोदावरी. सत्तरीले टेकली तरी सारे तिले गोदूच म्हणतात. दिसाले चिमणीएवढी, पण एकदा नाही म्हटलं की मंग तिच्यापुढं डोकं आपटून घ्या, ती नाहीच.

तिचा नवरा नीलकंठ, मी भाऊजी म्हणते. सारी जिंदगी रायपूरच्या पंडरीत, ठोक कपडा मार्केटात गेली त्यायची. असा बोलका माणूस, की साड्या दाखवता दाखवता गिऱ्हाइकाच्या पोरीचं लग्न जमवून द्याचा. आता मागच्या काही वर्षांपासून सारं विसरून राह्यले. आधी चष्मा विसरत, मंग घरचा रस्ता, मंग माणसं. मले कधी कांता म्हणतात, कधी आक्का, अन् कधी तं "या ताई, बसा, काय दाखवू?" म्हणून दुकानच मांडतात. मीबी म्हणते, "जांभळ्या रंगात दाखवा न भाऊजी." मंग ते दिवाणावरची चादर उलगडतात, पदर दाखवतात, अन् मी नको म्हटलं की पुन्हा घडी घालतात. घडी अजूनबी कोपऱ्याले कोपरा जुळलेली.

तर सीताफळाचा सीझन आला अन् त्या घरात रोजचं रडणं सुरू झालं. आमच्याकडं दसऱ्याच्या आगेमागे कांकेरकडचं सीताफळ येते, हे एवढं मोठं. बाया डोक्यावर टोपली घेऊन गल्लीगल्लीत ओरडत फिरतात. आवाज आला की भाऊजी फाटकात.

"गोदू, सीताफळ घे न."

"तुम्ही सोडलं न."

"कोणं सोडलं?"

"तुम्ही. गयेले. माईच्या नावानं."

"मी? मी काहून सोडीन सीताफळ? येडी झाली काय तू?"

अन् मंग डोळ्यातून पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पहिल्यापासून.

ज्याले माहीत नाही त्याले सांगते. भाऊजींची आई गेली तवा ते गयेले पिंडदान कराले गेले होते. तिथं मेलेल्या माणसाच्या नावानं एक फळ सोडाचं असते, जन्मभरासाठी. लोक लय हुशार. कोणी कवठ सोडते, कोणी रामफळ सोडते, जे तसंबी घरात येत नाही. आमच्या भाऊजीनं सीताफळ सोडलं, ज्याच्यावर जीव होता तेच. म्हणे, "माईसाठी सोडाचं अन् नावडतं सोडाचं? हे काय भंगार काढणं आहे काय?" अन् जवरी डोकं ठिकाणावर होतं, तवरी त्यायनं सीताफळाकडं मान वळवून पाह्यलं नाही. गोदूबी घरात आणत नसे. खावंसं वाटलं की माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसे, दोघी मिळून टोपलंभर फस्त करत असो, अन् मंग ती तोंड धुऊन घरी जाये.

आता मी बुद्धाची. आम्हीबी गयेले जातो, पण पलीकडं, बोधगयेले. पिंपळाखाली बसतो, वंदना म्हणतो अन् घरी येऊन जे खाचं ते खातो. मले हे फळ सोडणं कधी समजलं नाही. पण भाऊजींचं वजन उतरून राह्यलं होतं, ते मले साफ दिसत होतं. पोळीचा घास गालात धरून बसत. पाणी प्याले तरी ठसका. डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, अन् जे मागतात ते द्या, नाही तं हा माणूस टिकाचा नाही. मागत तं ते एकच होते.

त्यायचा पोरगा भार्गव बंगलोरले. तो फोनवर म्हणे, "माँ, खिला दो ना. उनको तो याद भी नहीं है." आमच्या पोराईले मराठी सारी समजते, बोलतात मात्र हिंदी.

गोदू म्हणे, "याद नाही म्हणूनच तं. याद असती तं त्यायनंच सांभाळलं असतं. आता माझ्याबिगर कोण आहे त्यायचं सांभाळाले?"

मी तरी म्हटलं, "अवं, माणूस वाळून चालला अन् तू नेम सांभाळून राह्यली!" ती माझ्यावर चिडलीबी नाही, अन् त्याचंच मले जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात माझी पोरगी रुचिता सुट्टीत घरी आली. पुण्याले नोकरी करते, अन् आली की ओव्हन काढते. तिनंच घेऊन ठेवलेला. मी त्यात पापड ठेवते, चांगले कुरकुरीत राहतात. तिनं उघडून पाह्यलं अन् ओरडली, "आई, ये क्या है!" मंग पापड निघाले, सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून उडून येणारी काळी धूळ निघाली, अन् पोट्टी केक कराले लागली. बिस्किटांचा चुरा केला, त्यात लोणी घालून भांड्यात तळाले दाबला. वर मॉलमधून आणलेलं क्रीम चीज अन् घरचा चक्का, डब्यातलं घट्ट गोड दूध, थोडं कॉर्नफ्लॉवर, सारं फेटून ओतलं. अंडं नाही, काही नाही.

मी म्हटलं, "हे क्रीम चीज म्हणजे काय वं?"

म्हणे, "अपना चक्का ही समझो आई, थोड़ा पढ़ा-लिखा."

भाजून गार झाल्यावर तिनं वरून सीताफळाचा गर पसरला. मी एक चमचा खाल्ला अन् लगेच दुसरा भरला. न चावता गळ्याखाली उतरते, पोटात थंड थंड पडते. रुचितानं एक वाटी भरली अन् गोदूकडं घेऊन गेली. तिले बिचारीले नेमाचं काय माहीत!

गोदूनं दारातच विचारलं, "कशाचं आहे बाई?"

"सीताफल का, काकी."

गोदूनं वाटी तशीच परत तिच्या हातात दिली. पण भाऊजी उठून आले होते. वासानं आले असतील. त्यायनं हात पुढं केला, "माझं आहे ते." गोदूनं तो हात आपल्या हातात धरला अन् धरूनच ठेवला. भाऊजी रडाले लागले, "मले देत नाही, मले कोणी काही देत नाही." रुचिता घरी आली तं तिचं तोंड एवढंसं झालेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदू माझ्या दारात उभी. हातात चक्क्याचं फडकं.

"मले शिकव ते," रुचिताले म्हणे.

मी म्हटलं, "अन् नेम?"

"मी रातभर इचार केला. यायनं फळ सोडलं होतं. फळ म्हणजे फळ. त्यात चक्का घातला, दूध घातलं, बिस्किट घातलं अन् भट्टीत भाजलं, मंग ते फळ राह्यलं काय? यायनं काही केक सोडला नव्हता."

मी तिच्याकडं पाहतच राह्यली. चांगली वकिलीण झाली असती गोदू. मी हसली नाही हो, शप्पथ. पदर तोंडात घातला होता.

तिनं सारं हातानं केलं, रुचिता नुसती सांगत होती. पण सीताफळाची वेळ आली तं गोदू म्हणे, "आतच घाल. सारं एकजीव भाजू दे. फळ दिसलं नाही पाहिजे."

रुचिता म्हणे, "काकी, बेक करने से कड़वा हो जाता है."

गोदूले काय हे माहीत नव्हतं? आमच्या साऱ्या पाऱ्यातल्या लग्नांची बासुंदी तिनं केली आहे. सीताफळ घालाचं तं बासुंदी गार झाल्यावर, आचेवर गेलं की कडू होते, हे तिनंच मले शिकवलेलं. पण ती म्हणे, "घाल म्हटलं न." पोरीनं घातलं.

संध्याकाळी गोदूनं भाऊजींच्या तोंडाशी चमचा नेला. त्यायनं मोठ्या आशेनं तोंड उघडलं. अन् मंग चेहरा असा वाकडा झाला की मलेच कसंतरी झालं. जीभ बाहेर काढली, सारं गोदूच्या हातावर थुंकलं.

"खराब माल आहे," म्हणे. "परत करून टाका. असा माल आपण ठेवत नाही."

गोदू खालीच बसली. "पाह्यलं न कांता? देवानंच थांबवलं. त्याच्या मनात नाही."

मंग मात्र माझं डोकं फिरलं. मी काही मनात ठेवणारी बाई नाही. मी म्हटलं, "देवाले रायपुरात येऊन तुझा केक बिघडवाले वेळ आहे काय वं? तू बिघडवला! तुले माहीत होतं कडू होते, तरी घातलं. काहून? तं लपवाले. कोणापासून लपवत होती? द्याचं असन तं उघड दे, नाही तं नको देऊ. पण त्या माणसाच्या तोंडात कडू घालून देवाचं नाव नको सांगू मले!"

बोलून गेली अन् घरी येऊन मीच रडली. मारोती म्हणे, "तुझ्या जिभेले हाड नाही." मी म्हटलं, "नाही तं नाही."

मले वाटलं, गोदू आता महिनाभर बोलाची नाही. ती दुसऱ्याच दिवशी आली. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत.

"तुझं बरोबर आहे," म्हणे. "उघड देते. आज सकाळी देवापुढं हातात पाणी घेऊन बोलली. म्हटलं, यायचं सुटलं अन् माझं लागलं. आजपासून सीताफळ मी सोडलं. जन्मभरासाठी. आता ते खातील तं माईचं काही मोडाचं नाही."

आयुष्यात या बाईचे लाड कोणते, तं साल आलं की माझ्या ओट्याशी बसून खाल्लेली सीताफळं. तेबी तिनं उचलून देऊन टाकलं. मले म्हणाचं होतं, अवं येडे, हे कोण मागते तुले? पण आदल्या दिवशी एवढं बोलली होती, म्हणून मी उठून ओव्हन पुसाले घेतला.

या वक्ती केक सादा भाजला. ओव्हनमधून काढला, तं पांढराशुभ्र, मधोमध जरासा थरथरणारा. तो गार होईपर्यंत आम्ही दोघी चाळणी घेऊन गर काढत बसलो. बी एकबी राहू नये, भाऊजींच्या घशात अडकली तं काय घ्या! गोदूचे हात मनगटापर्यंत गरानं माखले होते. दुसरी कोणी असती तं बोटं चाटून घेतली असती. तिनं नळाखाली धुतली.

भाऊजी ओसरीत खुर्चीवर बसले होते. गोदूनं वाटी त्यायच्या हातात दिली, चमचा दिला अन् समोर पाटावर बसली. मी दारात. त्यायनं पहिला चमचा तोंडात घेतला अन् डोळे मिटले. कितीतरी वेळ उघडलेच नाही. मी घाबरली. मंग गळा हलला, अन् त्यायनं दुसरा चमचा भरला, तिसरा भरला. ठसका नाही, काही नाही. मिशीले गर लागला होता. अशी समाधानानं खाणारी मुद्रा मी त्यायची कितीक दिवसात पाह्यली नव्हती. गोदू पाहत होती अन् तिचे ओठ त्यायच्या ओठांसंग हलत होते.

अर्धी वाटी झाली तं भाऊजी थांबले. चमचा भरला अन् गोदूच्या तोंडापुढं धरला.

"घे."

"तुम्ही खा. मले नको."

"घे न. लय चांगलं आहे."

"मी सोडलं हो सीताफळ."

चमचा तसाच राह्यला. भाऊजी तिच्याकडं पाहाले लागले. कपाळावर आठ्या आल्या, काहीतरी लांबचं आठवून राह्यले होते.

"कोण गेलं?" त्यायनं हळूच विचारलं.

"कोणी नाही गेलं."

"फळ तं कोणी गेल्यावर सोडतात. कोणासाठी सोडलं तू?"

गोदूले खोटं बोलता येत नाही. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून एक खोटं ऐकलं नाही. तिनं खाली पाह्यलं अन् म्हणे, "तुमच्यासाठी."

भाऊजीनं चमचा वाटीत ठेवला. आपल्या हाताकडं पाह्यलं, पालथा करून पाह्यला. मंग छातीवर हात ठेवला. मंग तिले विचारलं, "मी मेलो काय, गोदू?"

रागानं नाही, चेष्टेनं नाही. खरोखर विचारलं. ती हो म्हणाली असती तं त्यायनं मानलं असतं.

गोदू पाटावरून उठली अन् तिनं त्यायचं मनगट दोन्ही हातानं धरलं. "नाही हो," म्हणे, "नाही, नाही. तुम्ही आहा. हे काय, आहा न!"

"आहो न?"

"आहा."

"मंग खा," भाऊजी म्हणाले, अन् चमचा पुन्हा भरला.

गोदूनं तोंड उघडलं. त्यायनं भरवलं, अन् तिच्या हनुवटीवर सांडलं ते अंगठ्यानं पुसून घेतलं.